समोरच्या डोंगराला आमंत्रण

तूनसने बाटना शहरातल्या रेडिओची नोकरी सोडली तेव्हा सहकाऱ्यांनी तिची यथेच्छ टिंगल केली. "सफरचंदांच्या बागेत कसलं आलंय विद्यापीठ? बकऱ्यांना पदव्या देणार का?" ते शब्द तिच्या मनात रुतून बसले. ओरेसच्या डोंगरांतली ती तिची स्वतःची दरी होती. इथल्या पोरींना शाळेच्या पुढे शिकायचं तर शहरात मावशीच्या घरी भांडी घासत राहावं लागे. तूनस तशीच शिकली होती. आता दरीतच विद्यापीठाचं केंद्र निघालं होतं. लहानसं, आडवळणाचं, पण निघालं होतं. त्याचा आवाज आपणच व्हायचं, असं तिने ठरवून टाकलं.

रोज सकाळी तास सुरू होण्याआधी ती कचेरीच्या ओसरीवर माइकपुढे उभी राहायची. "येत्या मंगळवारी लोकरीच्या गालिच्यांचं प्रदर्शन. बुधवारी सफरचंदाच्या कलमांचं प्रात्यक्षिक. बूट घालून या, मागच्या खेपेसारखं चपलांत नको. कार्यक्रम सर्वांसाठी खुले आहेत. सगळ्यांनी यावं." आधी अरबीत, मग घरच्या शावी बोलीत. खांबांवरच्या कर्ण्यांतून तिचा आवाज अंगणभर पसरायचा, पायऱ्यांच्या शेतांवरून खाली ओढ्यापर्यंत जायचा आणि समोरच्या कड्यावर आपटून परत यायचा. "...यावं."

त्या कड्याला बिलगून जुनं गाव होतं. दगडी भिंती होत्या, छपरं नव्हती. फ्रेंचांशी झालेल्या लढाईत विमानांनी ते जाळलं. वाचले ते खाली येऊन राहिले आणि पुन्हा कुणी वर गेलं नाही. मुलांना त्याचं काही वाटत नसे. "लल्ला तूनस बोलतात आणि डोंगर हजेरी देतो," असं ती म्हणत आणि हसत. लल्ला म्हणजे बाई.

वसंतातल्या एका सकाळी तूनसने नेहमीचं वाक्य म्हटलं, "सगळ्यांनी यावं," आणि कागद आवरू लागली. समोरून आवाज परतला.

"येतो."

तिचाच आवाज होता. तोच चढ, तोच शेवटी किंचित लांबवलेला स्वर. फक्त शब्द निराळा.

तूनस काही घाबरट बाई नव्हती. वारा असेल, कर्ण्याची तार सैल झाली असेल, असं म्हणून तिने तार बदलून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा "येतो". मग तिने नीट तपासून पाहिलं. "ग्रंथालय दुपारी बंद राहील," म्हटलं, तर डोंगराने तेच शब्द मुकाट्याने परत केले. अरबीतून बोलावलं, तर "यावं"चं "यावं"च आलं. शावीतून बोलावलं की मात्र उत्तर यायचं. आणि ते कुणालाच वावगं वाटत नव्हतं. तिने दोघा-तिघांना विचारलं, तर ते म्हणाले, "प्रतिध्वनी तर आहे, लल्ला."

त्याच आठवड्यात कॉन्स्टँटीनहून प्राध्यापक शेरीफ रानगव्हावर व्याख्यान द्यायला आले. सभागृह जेमतेम अर्धं भरलं. मागच्या रांगा रिकाम्या पाहून तूनसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांना कॉफी देताना ती ओशाळून म्हणाली, "परीक्षा जवळ आल्यात, म्हणून गर्दी कमी होती."

"कमी?" शेरीफ हसले. "बाई, आमच्याकडे एवढे लोक लग्नाला येत नाहीत. आणि त्या मागच्या म्हाताऱ्या! हनुवटीवर गोंदलेल्या. शेवटपर्यंत एकही जागची हलली नाही. मी गव्हाच्या जुन्या जातीचं नाव घेतलं, तर एकीने माझी चूक सुधारली."

"मागच्या म्हाताऱ्या?"

"हो, हो. छान केलंत त्यांना बोलावलंत ते."

तूनस रिकाम्या सभागृहात परत गेली. मागच्या रांगांजवळ जळलेल्या जुनिपरच्या लाकडाचा वास होता. उन्हाळा तोंडावर आलेला, दरीत कुणाच्याही घरी शेगडी पेटत नव्हती.

घरी जेवताना तिने बापाला सगळं सांगितलं. लखदर म्हातारा झाला होता. जुन्या गावातून खाली आला तेव्हा तो आईच्या पाठीला बांधलेला होता. त्याने भाकरीचा तुकडा ताकात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"नीट बोलावतेस का त्यांना?" त्याने विचारलं.

"बाबा, मी मुलांना बोलावते."

"सगळ्यांनी यावं म्हणतेस ना? मग." तो तुकडा त्याने खाल्ला नाही. "आम्ही खाली आलो, लग्नं केली, बारशी केली. वर कुणालाच निरोप धाडला नाही. जळलेल्या घरात कोण आहे, म्हणालो. तू पहिली."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"आपल्याच माणसांची?" म्हातारा म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. "एकच सांगतो, पोरी. बोलावणं सोपं असतं. परत जा म्हणून कुणाला सांगता येत नाही."

जूनमध्ये पहिला पदवीदान समारंभ ठरला. संचालक सी मसूद, म्हणजे मसूदसाहेब, यांनी तूनसला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. दिसायला धिप्पाड माणूस, पण चेहरा उतरलेला.

"राजधानीतून समिती येतेय," ते म्हणाले. "त्यांचं म्हणणं, इथे कुणी येत नाही. दरीतल्या लोकांना हे केंद्र नकोच आहे, तर कशाला चालवायचं? बाटनात विलीन करून टाकू. समारंभाला अंगण रिकामं दिसलं, की झालं."

"रिकामं दिसणार नाही," तूनस म्हणाली. रेडिओतल्या त्या टिंगल करणाऱ्या चेहऱ्यांसकट सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. "माझ्यावर सोपवा."

तिने गावोगाव निरोप पाठवले. आया पेटीतले ठेवणीतले पोशाख काढून बसल्या, रफीसच्या, खजुराच्या त्या गोड पदार्थाच्या, परातीच्या पराती मळल्या गेल्या. आणि आदल्या संध्याकाळी, समिती पाहुणघरात पोचल्यावर, डोंगरावर असा पाऊस कोसळला की जूनमध्ये कुणी तसा पाहिला नव्हता. सकाळी ऊन स्वच्छ पडलं, पण ओढ्याने वरचा आणि खालचा असे दोन्ही रस्ते वाहून नेले होते. आयाबापांनी भरलेल्या बसगाड्या पलीकडच्या चिखलात उभ्या राहिल्या. केंद्रात होते ते पदवी घेणारे विद्यार्थी, थोडे शिक्षक आणि जवळचे शेजारी. ओल्या अंगणात शेकडो पांढऱ्या खुर्च्या रिकाम्या.

समितीच्या अध्यक्षा डॉ. वहीबा पाहुणघराच्या पायऱ्या उतरताना दिसल्या. सी मसूद रुमालाने कपाळ पुसत होते. "संपलं, तूनस," ते पुटपुटले. "पोरांचं तोंड बघवत नाही."

पोरं काळे झगे घालून एका बाजूला दाटीवाटीने उभी होती. सगळ्यात पुढे दिह्या होती. मेंढपाळाची मुलगी, साऱ्या केंद्रात पहिली आलेली. रडू नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटले होते आणि नजर रस्त्यावर लावली होती.

तूनस माइकपाशी गेली. तिने माइक उचलला आणि अंगणाकडे पाठ केली. समोर कडा होता, उन्हात न्हालेला. ती शावीतून बोलली, इतक्या मोकळ्या आवाजात की रेडिओवर बातम्या देतानाही ती कधी तशी बोलली नव्हती.

"आज आपल्या पोरांना पदव्या मिळतायत. ही तुमचीच पोरं आहेत. त्यांच्या मागे उभं राहायला आज कुणी नाही. सगळ्यांनी यावं. एकानेही मागे राहू नये."

डोंगर गप्प राहिला. तिने माइक खाली केला नाही.

मग आवाज आला. या वेळी तो तिचा नव्हता.

"येतो."

तो पुष्कळांचा होता.

समारंभ सुरू झाला. तूनस व्यासपीठाच्या कडेला उभी होती, डोळे खुर्च्यांवर. तिला कुणी दिसलं नाही. पुढच्या रांगेत चार शेजारी, बाकी सगळं पांढरं आणि रिकामं.

जुनिपरच्या धुराचा वास आला. ओल्या लोकरीचा आला.

पावसाने माती मऊ झाली होती. शेवटच्या रांगेतल्या एका खुर्चीचे पाय हळूच मातीत रुतले. मग तिच्या शेजारच्या खुर्चीचे. मग पुढच्या रांगेतल्या. कुणी जपून बसावं तशा, सावकाश, ओळीने, सगळ्या खुर्च्या खाली गेल्या.

दिह्याचं नाव पुकारलं गेलं. ती वर आली, पदवी घेतली आणि रिकाम्या रांगांमधून परत निघाली. मध्येच ती थबकली. कुणी डोक्यावरून हात फिरवताना झुकवावी, तशी तिने मान झुकवली. वर केली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता, की तूनसचा आनंद छातीत मावेना. तिच्या मागची पोरंही अशीच चालली. खांदे ताठ, मान वर. आणि प्रत्येकजण कुठे ना कुठे क्षणभर वाकला.

सी मसूद तूनसच्या कानाशी आले. "समिती कुणासाठी टाळ्या वाजवतेय?"

डॉ. वहीबा उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या अंगणाकडे बघून टाळ्या वाजवत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

दुपारी वरचा रस्ता जेमतेम मोकळा झाला. गाडीत बसण्याआधी डॉ. वहीबांनी तूनसचे दोन्ही हात हातात घेतले.

"आम्हाला सांगितलं होतं, इथे कुणी येत नाही म्हणून. रस्ते वाहून गेले तरी हे लोक चिखल तुडवत आले! मी देशभर हिंडले, पण आपल्या मुलांचा असा अभिमान कुठे पाहिला नाही. केंद्र बंद होणार नाही. माझा शब्द."

तूनसने त्यांचे हात घट्ट दाबले. इतक्या वर्षांचा सल निघून गेला होता.

"आणि तुमचं किती कौतुक चाललं होतं!" डॉ. वहीबा म्हणाल्या. "एक म्हातारी माझा हात सोडेचना. म्हणाली, हाक मारणारी आमची आहे. पुढचा कार्यक्रम कधी, ते विचारत होती."

"मग?"

"मी म्हटलं, आता सुट्टी, थेट सप्टेंबरात. तर म्हणाली, एवढं कुठे परत चढायचं, आता इथेच राहतो. सगळेच. मला वाटलं, वसतिगृहाचा वरचा मजला मुली नाहीत म्हणून कुलपात आहे, तो तरी कुणाच्या कामी यावा." त्या संकोचून हसल्या. "तुम्हाला न विचारता हो म्हणून बसले. चालेल ना?"

गाडी वळणाआड गेली. तूनसने वसतिगृहाकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या आतून एकेक करून उघडत होत्या, आणि प्रत्येक कठड्यावर उन्हात वाळायला ओली घोंगडी पसरली जात होती.