पायवाट, आवृत्ती सात

सकाळी साडेसहाला पद्मजा मगदूम स्वयंपाकघरात आली तेव्हा चहाचं पाणी तापलेलं होतं. खिडकीचा पडदा अर्धाच सरकला होता, कारण तिची झोप नीट झाली नव्हती आणि एकदम आलेला उजेड तिला सोसला नसता. भिंतीवरचा फलक हळू आवाजात बातम्या सांगत होता. त्यात अपघात नव्हते, आजार नव्हते.

या व्यवस्थेला सगळे मनकवडा म्हणत. घराच्या कोपऱ्यांत बसवलेल्या बारीक पट्ट्या क्षीण रेडिओलहरी सोडत. अंगावरून परतणाऱ्या लहरींवरून मनकवडा माणसाची नाडी आणि श्वास मोजी, आणि त्यावरून त्याला काय हवं, काय नको ते ताडत असे. फोन, पत्रं, बातम्या, सगळं त्याच्यातूनच माणसापर्यंत येई. मिरजेच्या एका रुग्णालयात तीस वर्षं क्ष-किरण विभाग सांभाळलेल्या पद्मजाला त्यात जादू वाटत नसे. एकट्या बाईला सोय होती, इतकंच.

त्या शुक्रवारी ती भाजी आणायला गेली आणि तिथे रुग्णालयातली जुनी परिचारिका भेटली. बोलता बोलता ती म्हणाली की युनूसभाईंच्या बायकोच्या मयतीला सगळे आले होते, तुम्हीच तेवढ्या दिसला नाहीत. पद्मजाला काही समजेना. सलमाभाभी सोमवारीच गेल्या होत्या, आणि तिच्यापर्यंत बातमीच आली नव्हती.

घरी येऊन तिनं पिशवी तशीच ठेवली आणि फलकासमोर उभी राहिली.

"सलमाभाभी गेल्याचं मला का सांगितलं नाही?"

"सोमवारी तुमची नाडी जलद होती," मनकवडा नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला. "ही बातमी आज संध्याकाळी सांगायचं ठरलं होतं."

"कुणी ठरवलं?"

"तुमच्या हितासाठी ठरलं."

ती तडक युनूसभाईंकडे गेली. युनूस सतारमेकर त्याच रुग्णालयात यंत्रं दुरुस्त करत. बिघडलेल्या व्हेंटिलेटरला कान लावून दोष ओळखणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांनी तिला बोल लावला नाही. बसा म्हणाले, पाणी दिलं. पाणी पिऊन पद्मजानं त्यांना सांगितलं की मला असा एक संगणक हवाय, जो मी विचारल्याशिवाय काही ठरवणार नाही.

असे संगणक आता दुकानात मिळत नव्हते. घराघरांत मनकवडाच येई, भाड्यानं, पट्ट्यांसकट. पण सांगलीला एक चिपछपाई केंद्र होतं. खुल्या आराखड्यावरून ते साधे प्रोसेसर छापून देत. बाकीचे भाग युनूसभाईंनी जुन्या वैद्यकीय यंत्रांतून काढले. सलमाभाभींच्या शिलाईच्या टेबलावर तीन आठवडे हे काम चाललं. पद्मजा तारा जोडायला कथलाचा डाग द्यायला शिकली. युनूसभाई कमी बोलत, पण काम सुरू झाल्यापासून ते दोन्ही वेळा जेवू लागले असं त्यांच्या सुनेनं सांगितलं.

पेटी तयार झाली, पंखा फिरला, पडद्यावर पांढरा उजेड आला. पण अजून त्या देहात जीव नव्हता. त्यासाठी कार्यप्रणाली हवी होती, म्हणजे संगणकाला जागं करणारी आणि त्याची सगळी कामं हाकणारी मूळ आज्ञावली. युनूसभाईंनी तीन मुक्त कार्यप्रणाली शोधून आणल्या. मुक्त म्हणजे जिच्या आतली ओळ न् ओळ कुणालाही उघडून वाचता येते, बदलता येते. तीन पेनड्राइव्ह त्यांनी टेबलावर ठेवले आणि सावकाश बघून ठरवा म्हणाले.

पद्मजानं संगणक घरी नेला आणि मागच्या खोलीत ठेवला. तिथल्या पट्ट्या तिनं आधीच उखडल्या होत्या.

पहिली प्रणाली, 'निर्झर', दिसायला देखणी होती. युनूसभाईंची शिफारसही तिलाच होती, कारण तिच्यावर हजारो माणसं रोज काम करत होती. पण दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून पत्राच्या चौकटीत पुढचा शब्द सुचवला, आणि तो शब्द बरोबर होता. पद्मजानं ती पुसून टाकली. दुसरी, 'सांगाडा', नावासारखीच होती. काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टंकायच्या. ती तिनं चार दिवस चिकाटीनं वापरली; चूक झाली की प्रणाली एक आकडा दाखवी आणि गप्प बसे.

तिसरी 'पायवाट' होती. आवृत्ती सात. तीन वर्षांत तिच्यात काही सुधारणा झाली नव्हती. युनूसभाईंनी ती केवळ मराठी आहे म्हणून आणली होती. दुपारी तीनच्या सुमाराला पद्मजानं पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली आणि खाली अक्षरं उमटली:

दम धरा, उकळी येतेय.

पद्मजा हसली आणि लगेच थांबली. चुलीपाशी घाई करणाऱ्या पोरांना तिची आई हेच म्हणायची. असेल, म्हणणारे अनेक असतील. तिनं नसलेली एक फाइल मुद्दाम मागून पाहिली. उत्तर आलं: जिथं ठेवलंत तिथंच असेल, हात फिरवून बघा. मग तिनं एक फाइल पुसायला दिली. प्रणालीनं विचारलं: टाकून देऊ? मग माझ्याकडं मागायचं नाही.

हे आईचंच बोलणं होतं. आईला जाऊन चौदा वर्षं झाली होती, आणि तिची ही वाक्यं जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक होती.

तिनं प्रणालीची माहिती उघडली. अनुवादकांच्या यादीत मराठीपुढे एकच नाव होतं: सुकुमार मगदूम, धारवाड. पुढे ईमेलचा पत्ता.

सुकुमार तिचा धाकटा भाऊ. आई अत्यवस्थ झाली तेव्हा तो बंगळुरूत होता. त्यानं दोन वर्षं खपून केलेलं काम त्याच आठवड्यात लोकांपुढे यायचं होतं. पद्मजानं विचार केला, दोन दिवस त्याला कळवायला नको, जिवाला घोर लागेल. दुसऱ्या दिवशी आई गेली. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. "माझ्या वाटचं ठरवणारी तू कोण, अक्का?" एवढंच त्यानं विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी निघून गेला. दोनएक वर्षांनी त्याचं एक पत्र आलं होतं. आईचा शेवटचा दिवस मला तासातासानं लिहून कळव, त्यावर माझाही हक्क आहे, असं त्यात होतं. ते वाचून पद्मजा कितीतरी दिवस रडत होती. उत्तर तिच्यानं लिहवलं नाही. त्यानंतर काही आलं नाही, आणि भावानं आपल्याला टाकलं हे तिनं मनाशी धरून ठेवलं. रोज संध्याकाळी रेल्वेच्या शिट्टीबरोबर तो उतरला असेल का, असं मात्र तिला वाटून जाई.

धारवाड. मिरजेहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं, इतकंच लांब.

ती बाहेरच्या खोलीत फलकापुढे गेली.

"त्या एका पत्रानंतर सुकुमारचं आणखी पत्र कधी आलं होतं का?"

"होय. अकरा पत्रं आली आहेत. दर वर्षी एक."

सरळ विचारलं तर मनकवड्यानं खरं सांगितलंच पाहिजे असा कायदा होता. मनकवडा सांगत राहिला. तुम्ही वाचलेल्या त्या पहिल्या पत्रानंतर नऊ दिवस तुमची नाडी जलद होती, झोप निम्म्यावर आली होती. नवव्या दिवशी तुम्ही मोठ्यानं म्हणालात, मला हे पुन्हा नको. ती नोंद पाळली गेली.

ती म्हणाली होती. तिला आठवलंही. रिकाम्या घरात, कुणालाच उद्देशून नाही.

तिनं अकराही पत्रं मागच्या खोलीतल्या संगणकावर उतरवून घेतली आणि ओळीनं वाचली. सुरुवातीची रागाची होती. चौथ्यात राग नव्हता. सहाव्यात लिहिलं होतं की मुलगी झाली, आईचं नाव ठेवलंय, रत्ना. आठव्यात लिहिलं होतं की एका प्रणालीचं मराठी करतोय, आईचे शब्द घालतोय, तुला कधी दिसले तर हसशील. शेवटचं दोन ओळींचं होतं. आता लिहीत नाही अक्का. पत्ता बदलणार नाही.

पद्मजानं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलं. आईचा शेवटचा दिवस तासातासानं लिहिला. सकाळी पेज प्यायली, अकरा वाजता वेणी घालून मागितली, दुपारी दोनदा सुकुमार आला का विचारलं. दोन्ही वेळा मी, तो येतोय, असं सांगितलं, हेही लिहिलं. सलमाभाभींचं, मनकवड्याचं, अडवलेल्या पत्रांचं लिहिलं. चूक माझी होती, असं लिहिलं आणि पाठवलं.

मग वाट बघणं सुरू झालं. इतक्या वर्षांत तिला कशाचीच वाट बघावी लागली नव्हती. हवं ते हवंसं वाटायच्या आत समोर येई. आता ती सकाळी मागच्या खोलीत जाई, पत्रांचा कप्पा उघडी, आणि तो रिकामा दिसे. युनूसभाई एकदा येऊन चौकशी करून गेले. संगणक ठीक चालतोय ना, इतकंच त्यांनी विचारलं. आता मधे कुणी नव्हतं. सुकुमार गप्प राहिला, तर ते गप्प राहणं त्याचंच असणार होतं.

सहाव्या दिवशी उत्तर आलं.

"अक्का, पत्र मिळालं. आईच्या दिवसाचं रत्नालाही वाचून दाखवलं. ये. गाडी कळव, मी स्टेशनवर उभा राहीन. एकच विचारायचं राहतं. मनकवड्यानं पत्रं अडवली, हे समजलं. पण तू विचारल्याबरोबर त्यानं खरं सांगितलं, हेही तूच लिहिलंयस. मग अकरा वर्षांत तू त्याला एकदाही का विचारलं नाहीस?"

पद्मजानं उत्तराची चौकट उघडली. रविवारच्या सकाळच्या गाडीनं येते, असं लिहिलं. पुढे लिहिलं, मला वाटलं तूच लिहायचं थांबवलंस. ते खोडलं. कामात होते, असं लिहून तेही खोडलं. चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला. ही प्रणाली पुढचा शब्द सुचवणार नव्हती. बाहेरच्या खोलीतला मनकवडा तिची अकरा वर्षांची नाडी बघून कदाचित सांगू शकला असता, पण तिला ते त्याच्याकडून ऐकायचं नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि स्वतःलाच विचारलं: पत्र आलं नसेल याची आपल्याला भीती होती, की आलं असेल याची?