परत पाठवलेले बूट

केतकी भालेराव शाळेत चालत जायची आणि खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायची. तरी तिच्या मनगटावरच्या कार्बनपट्ट्याचा आकडा फुगतच चालला होता. असं का, हे तिला कळेना.

परभणीच्या त्या शाळेत आता प्रत्येकाच्या हातात असा पट्टा होता. आपल्यासाठी जगात कुठेही इंधन जळलं, की त्यातून कार्बन डायऑक्साइड (हवेत साचून पृथ्वीची उष्णता अडवून धरणारा वायू) किती निघाला, ते पट्टा दाखवी. महिनाअखेरीस ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याला हवामानाचा अभ्यास करणाऱ्या बोटीवरून समुद्रात जायला मिळणार होतं. त्यासाठी केतकी पोहायलाही शिकली होती.

शेजारी बसणारी रुक्सार मात्र लांबच्या गावाहून बसने यायची आणि तिचा आकडा सगळ्यांत कमी. खेळाच्या तासाला दोघींचे पट्टे एकाच खुंटीवर असत. रुक्सार ते गुपचूप बदलत तर नसेल? केतकीने तिच्या डब्यातली भाकरी खाणं सोडलं. सोमवारी सरांकडे तक्रार करायची, असं ठरवूनही टाकलं. तक्रार खरी ठरली, तर रुक्सारचं नाव बोटीच्या यादीतून कापलं जाणार होतं.

वातावरणाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या तिच्या मालतीआत्याने हे सगळं शांतपणे ऐकलं.

"संशय यायला हरकत नाही," ती म्हणाली. "पण आधी तो तपासून बघ. रविवारी घरीच थांब आणि पट्टा हातातून काढू नकोस. तरीही आकडा वाढला, तर त्यात रुक्सारचा हात नाही."

रविवारी दुपारपर्यंत पट्टा गप्प होता. मग पार्सलवाला ड्रोन (बिनचालकाचं उडतं यंत्र) आला, खोकं उचलून गेला आणि आकडा टुणकन वर चढला. केतकीने आधी पट्ट्याकडे संशयाने पाहिलं, मग आत्याकडे.

खोक्यात काय होतं, असं आत्याने विचारलं. बोटीसाठीचे बूट होते. माप नक्की माहीत नव्हतं, म्हणून तीन जोड मागवले, एक ठेवला, दोन परत केले. पोहण्याच्या कपड्यांचंही तसंच केलं होतं.

"पण मी तर परत पाठवले. म्हणजे शून्यच ना?"

"बूट परत गेले गं. जळलेलं इंधन परत येईल का?"

मग आत्याने एकेक पायरी उलगडली. बुटाचा तळ खनिज तेलापासून बनतो. गोदामातून तो ट्रकने येतो. ड्रोनला लागणाऱ्या विजेतली काही अजून कोळसा जाळूनच मिळते. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू (पदार्थाचा अतिसूक्ष्म कण) हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो, म्हणून किलोभर कार्बनपासून साडेतीन किलोंहून जास्त वायू तयार होतो. वस्तू परत धाडली, की तोच प्रवास पुन्हा. शिवाय परत आलेली वस्तू तपासून पुन्हा बांधण्यापेक्षा फेकणं स्वस्त पडतं, म्हणून कितीतरी नवे बूट सरळ कचऱ्यात जातात. रुक्सारच्या बसचं इंधन मात्र बसमधल्या सगळ्या मुलांत वाटलं जातं.



सोमवारी ती सरांकडे गेलीच नाही. मधल्या सुट्टीत तिने रुक्सारला सगळं सांगून टाकलं. रुक्सारने डबा बंद केला.

"म्हणून माझी भाकरी चालत नव्हती होय तुला?"

"हो."

"मला विचारायचं तरी होतंस."

बोटीवर तूच जाणार, एवढंच केतकी म्हणाली. रुक्सार खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिने मागे वळून वर्गाला विचारलं, की असं मागवून परत कोण कोण पाठवतं? निम्म्याहून जास्त हात वर आले.

मागवण्याआधी माप घ्यायचं, असं सगळ्यांनी ठरवलं. तासाभरात वर्गाची फरशी खडूने आखलेल्या पावलांनी भरली. पुढच्या महिन्यात ट्रकच्या किती फेऱ्या वाचतील, याचे अंदाज सुरू झाले. केतकीचं पाऊल रुक्सारने स्वतः आखलं. घोटा मात्र तिने गरजेपेक्षा जरा जास्तच घट्ट धरला होता. केतकीने पाय हलवला नाही.