दुपारची सेवा

तू विचारलंस म्हणून सांगते. एरवी त्या वर्षाबद्दल मी कुणाशी बोलत नाही.

कॉलेज संपलं आणि मी धारूरजवळच्या एका मठात वर्षभराच्या सेवेला राहिले. घर माजलगावला, फार लांब नाही. पण वर्षभर घरी जायचं नाही, असा तिथला नेम. आम्ही पाच-सहा पोरंपोरी होतो. पहाटे प्रार्थना, मग झाडलोट, स्वयंपाक, आणि दुपारी आसपासच्या वस्त्यांवर भाकरी पोचवायची. दिवाळीच्या सुमारास तिकडची घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. मागं राहतात ती म्हातारी माणसं. मठ सांभाळणाऱ्या सरस्वतीबाई म्हणायच्या, "सेवेत 'मी' नसतो, अंजू. हात तेवढे असतात." मला ते तेव्हा फार आवडायचं.

माझ्याकडं डोंगरकडेची एक वस्ती होती. सगळ्या घरांना कुलपं. फक्त शेवटच्या घरात कडूबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा आश्रुबा उसावरून परतला की ऑपरेशन करायचं ठरलेलं. मी दारातून म्हणायचे, "आजी, जेवायला आणलंय," आणि ती आवाजाच्या दिशेनं हात पुढं करायची.

पौषातली दुपार होती. ऊन लख्ख, पण वस्तीत पाखराचासुद्धा आवाज नाही. मी हाक मारली तशी कडूबाई हसली.

"कावून गं परत आलीस? आत्ताच तर चारून गेलीस की."

तिच्या हनुवटीला भाकरीचा तुकडा चिकटलेला होता. घरात विझलेल्या वातीचा वास कोंदला होता. शेजारून कुणी दिली असेल, असं वाटलं. पण शेजारी होतं कोण?

संध्याकाळी सरस्वतीबाईंना सांगितलं. तांदूळ निवडता निवडता त्या थांबल्या.

"पोट भरलं ना तिचं?"

"हो, पण..."

"मग कुणाच्या हातून भरलं, ते आपण बघू नये."

त्या दिवशी प्रार्थनेचे शब्द तोंडातून बाहेर येईनात. देवच असेल, असं मनाला समजावून पाहिलं. पण देवाला माझा आवाज कशाला लागेल?

पुढं रोज तेच. कितीही लवकर निघाले तरी कडूबाईचं जेवण उरकलेलं. आणि मग एक दिवस ती उंबऱ्यात गाठोडं बांधून बसलेली दिसली.

"उद्या आश्रुबाकडं नेते म्हणलीस न्हवं? डोंगराच्या वाटनं जवळ पडतं म्हणलीस..."

डोंगराची ती वाट कुठंच जात नाही. पुढं सरळ कडा आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तिच्या घरी गेले. आतून कडी लावली आणि तिचा हात धरून बसून राहिले. ऊन चढलं. बाहेर वाळलेल्या तुरीच्या शेंगा वाजत होत्या, त्याही वाजायच्या थांबल्या. मग तोच विझलेल्या वातीचा वास आला. आणि दारातून माझा आवाज.

"आजी, जेवायला आणलंय."

कडूबाई माझी बोटं चाचपायला लागली.

"मग... तू कोण हायस?"

"मी अंजू, आजी..."

"अंजू तर भाईर हाय."

ती दाराकडं ओढ घेऊ लागली. त्या वाळलेल्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. मी तिला कवेत आवळून धरलं. काही सुचेना, म्हणून मठातली प्रार्थना म्हणायला लागले. पहिली ओळ झाली, तर दुसरी बाहेरून आली. मी अडखळले, ते अडखळलं नाही. अगदी शांतपणे, मला कधी जमलं नाही इतक्या गोड आवाजात, त्यानं प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली.

मग कुत्री भुंकली, मेंढरं ओरडली. धुळाजी धनगर कळप घेऊन डोंगर उतरत होता. मी ओरडत दार उघडलं. अंगणात कुणी नव्हतं.

धुळाजीनं कडूबाईला पाठीवर घेतलं आणि आम्ही तिला मठात आणलं. आश्रुबा येईपर्यंत ती तिथंच राहिली. सगळ्यांच्या हातचं खायची, फक्त माझ्या हातचं नाही. मी ताट पुढं केलं की माझी बोटं चाचपायची आणि तोंड फिरवायची. ती जिवंत आहे, एवढ्यावर समाधान मानून मी वर्ष संपवलं आणि घरी आले.

मागच्या महिन्यात तिच्या डोळ्यांची चौकशी करायला आश्रुबाला फोन लावला.

"मी अंजू बोलतेय, मठातली."

तो हसला. पलीकडं घरातल्याच कुणाला तरी म्हणाला, "ताई, हे बघा. तुमचा आवाज काढून कोनतरी बोलायलंय. घ्या, तुमीच बोला."

आणि फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला.