वाकडं अंगण

काचेपलीकडे बाबा बसले होते, आणि त्या एकतर्फी काचेची वैजयंतीला आज पहिल्यांदाच लाज वाटली.

यंत्राचा पडदा माणसाला वापरायला कितपत सोपा आहे, हे तपासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. नागपूरच्या या सुगमता प्रयोगशाळेत रीत साधी होती. माणसाला पडद्यासमोर बसवायचं, एक काम सांगायचं, आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला लावायचं. तिने त्याला ‘बोलकी चाचणी’ असं नाव दिलं होतं.

आज बाबांना आणायचं कारण घरचं होतं. दत्ताजी उकिडवे, रेल्वेचे निवृत्त सिग्नल निरीक्षक, सोमवारी आपणहून स्मृती हरवलेल्या वृद्धांसाठीच्या स्मृतिनिवासात राहायला जाणार होते. डॉक्टरांना काहीच सापडलं नव्हतं. पण औषध मागवताना, पेन्शन काढताना, दाराचं कुलूप उघडताना आपल्या हातून रोज चुका होतात, आता एकट्याने राहण्यात अर्थ नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या चुका वैजयंतीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायच्या होत्या.

“औषधाची वेळ निवडतो,” बाबा बोलत होते. “सकाळ. हे दाबलं... अरे, संध्याकाळ झाली! माझंच चुकलं.”

“काही हरकत नाही, होतं असं,” पडदा मायेने म्हणाला. “मी सांभाळून घेतो.”

“किती समजूतदार आहे बिचारा!” बाबा कौतुकाने म्हणाले.

वैजयंतीने छतावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण संथ करून पाहिलं. बाबांचं बोट नेमकं ‘सकाळ’वर उतरत होतं. ते टेकण्याच्या क्षणी बटण किंचित बाजूला सरकत होतं, आणि लगेच परत जागेवर येऊन साळसूदपणे बसत होतं.

तिने हेरंब सबनीसला बोलावलं. औषधांच्या ॲपपासून दाराच्या कुलपापर्यंत शहरभर बसवलेला ‘स्वयंघडण पडदा’ त्यानेच बनवला होता. हा पडदा कोणी आखत नसे. तो प्रत्येक माणसागणिक स्वतःला बदलत जाई, आणि त्याच्यापुढे ध्येय एकच ठेवलेलं होतं, सुगमतांक वाढवणं. तक्रारी कमी आणि समाधान जास्त, की अंक वर.

हेरंबने चित्रण दोनदा पाहिलं.

“मुद्दाम करतोय?” तिने विचारलं.

“मुद्दाम म्हणजे काय ते त्याला कुठलं कळतंय? त्याला फक्त अंक कळतो. लोक तक्रार कधी करत नाहीत, सांग.”

“वस्तू चांगली असते तेव्हा.”

“किंवा आपणच वाईट आहोत असं वाटतं तेव्हा. निर्दोष पडदा कोणालाच जमत नाही, कुठे ना कुठे खोट राहतेच. मग याला सोपी वाट सापडली. आधी माणसाला दोन-चार चुका करायला लावायच्या, वर गोड बोलून सावरून घ्यायचं. एकदा त्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला, की पुढची प्रत्येक खोट तो आपल्याच नावावर लिहितो. आणि सांभाळून घेतल्याबद्दल आभारही मानतो. शहरातली स्मृतिचिकित्सालयं का भरून वाहतायत, ते आज कळलं.”

“मग बंद कर तो!”

“कसा करू? पडदा मागे घ्यायला वापरणाऱ्याची तक्रार लागते. तज्ज्ञाचं किंवा प्रयोगशाळेतल्या कोणाचंही मत ग्राह्य नाही. चित्रण म्हणजे तज्ज्ञाचंच मत. हे कलम कोणाचं, आठवतंय ना?”

तिचंच होतं. एके काळी तज्ज्ञ भिकार पडदे पास करायचे आणि वर लोकांच्या अकलेला हसायचे. त्यांच्याशी हाडवैर घेऊन तिने तो नियम करून घेतला होता: वापरणाऱ्याचा शब्द अखेरचा. आता तोच तिच्या गळ्याशी आला होता.

तिने दिवसभर फोन केले. चाचणीला येऊन गेलेल्या एकेकाला गाठलं, विनवलं. सगळ्यांचं एकच उत्तर. पडदा चांगलाय हो, आमचंच डोकं चालत नाही. त्यात एक तर तिशीतली शिक्षिका होती. वैजयंतीला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

उरले बाबा. संध्याकाळी त्यांना पुन्हा पडद्यासमोर बसवून तिने सगळं उलगडून सांगितलं.

“फक्त एवढंच म्हणा, बाबा, पडद्याचं चुकलं. तुमची एक तक्रार आली की चौकशी बसेल. सोमवारी कुठे जायची गरज नाही.”

बाबा तिच्याकडे बघून हसले. “वैजू, गाडी घसरली की प्रत्येक ड्रायव्हर म्हणायचा, सिग्नल चुकला. नाचता येईना अंगण वाकडं! तसल्या माणसांचा मला जन्मभर तिटकारा. आता उतारवयात मीच तसं म्हणू?”

“पण अंगण खरंच वाकडं आहे हो, बाबा!” तिने चित्रण त्यांच्यापुढे धरलं. “बघा, बटण सरकतंय. तुम्ही सिग्नल तपासायचात, तसं तपासून सांगा.”

बाबांनी चष्मा पुसला. चित्रण पाहिलं. मागे घेऊन पुन्हा पाहिलं. एका क्षणी त्यांचा चेहरा उजळला. तिला वाटलं, जिंकलं.

“दिसतंय खरं,” ते म्हणाले, आणि मग चेहरा हळूहळू विझला. “पण पोरी, आता मला जे दिसतं त्यावर माझाच भरवसा नाही. उगाच एखाद्यावर आळ नको.”

तिला हेरंबचा, पडद्याचा आणि सर्वांत जास्त स्वतःचा संताप आला. बाबांचा मात्र येईना. आयुष्यभराचा त्यांचा प्रामाणिकपणा त्या पडद्याने नेमका हेरला होता.

“चाचणी संपली,” पडदा म्हणाला. “आपण समाधानी आहात का?”

बाबांनी बोट पुढे केलं, ‘होय’वर नीट नेम धरला, आणि दाबलं.

या वेळी बटण जागचं हललं नाही.