नमुना हलता कामा नये

वसंत. ओढ्याकाठी खंड्या. पोटाचा रंग चुकला. त्याचा नाही, माझा.

*

कॉफीची रिकामी बरणी. तळाशी कापूस, कापसावर स्पिरिटचे थेंब, वर घट्ट झाकण.

*

"भुंग्याच्या मिशा दिसतात तुम्हाला. मी कानातलं बदललं ते दिसलं?"

*

शाईचा ठसा, अंगठ्याचा. शेजारी भुंगा, ठशाहून जरा लहान.

*

आता हे सगळं सरळ सांगायला हवं.

पट्टीसाहेबांचा जन्म नकाशे काढण्यात गेला. खिशात कायम मोजपट्टी, म्हणून कचेरीने ठेवलेलं हे नाव निवृत्तीनंतरही पेन्शनसारखं चालू राहिलं. गावाबाहेर ओढ्याकाठचं हे घर त्यांनी भाड्याने घेतलं ते एका हट्टापायी: वर्षभर, ऋतूमागून ऋतू, भोवतालच्या निसर्गाची सचित्र वही करायची. बायको सोबत आली, कारण न येऊन सांगते कुणाला.

अडचण अशी की डोंगर हलत नाहीत. जन्मभर न हलणाऱ्या गोष्टी काढलेल्या माणसासमोरून पाखरं भुर्रकन उडायची आणि कागदावर नुसती शेपटी उरायची. किडे तर शेपटीपुरतेही थांबत नसत. म्हणून पट्टीसाहेबांनी एक पद्धत बसवली. आधी लांबून कच्ची चित्रं काढायची. नमुना पुरता ओळखीचा झाला, की बरणी. किडा आत, झाकण बंद, थोडं थांबायचं. मग तो हवा तेवढा वेळ शांत पडून राहतो आणि मिशीचा केसन्‌केस काढता येतो. खरा आकार कळावा म्हणून चित्राशेजारी आपल्या अंगठ्याचा ठसा.

"मेला की तो," बायको म्हणाली.

"नमुना आहे."

"आणि माझं चित्र? एवढ्या वर्षांच्या संसारात एकसुद्धा नाही."

"तू हलतेस."

"मग काय, बरणीत बसू?"

यावर पट्टीसाहेबांनी बरणीकडे आणि मग तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं ती पुढे पोस्टमनला सांगत असे.

*

वसंत सरता सरता ओढ्याच्या ओल्या मातीत ते पहिलं चित्र दिसलं. घडीच्या स्टुलावर बसलेला माणूस, मांडीवर वही, डोक्यावर टोपी, कोटाचं एक बटण गायब. रेघा घाईच्या, लांबून पाहून काढल्यासारख्या. पण माणूस ओळखू येत होता: पट्टीसाहेब स्वतः.

पट्टीसाहेबांनी पोस्टमनला धरलं. त्या बाजूला तेवढंच एक माणूस फिरकत असे.

"साहेब, शाळेत मी घोडा काढला होता," पोस्टमन म्हणाला. "मास्तरांनी खाली 'टेबल' लिहून दिलं आणि पास केलं."

संशय तिथेच संपला.

उन्हाळ्यात दुसरं चित्र आलं. याच्यात चष्मा होता आणि पोटही होतं. पोट पाहून बायको एवढी हसली की तिला ओढ्याकाठी खालीच बसावं लागलं.

शरदातलं तिसरं चित्र माणसाएवढं होतं. भुवया, नखं, नाकातला केससुद्धा. ते काढणारा बराच जवळ येऊन गेला असावा. पण पावलं कुठेच नव्हती. चित्राशेजारी माती दबून एक लांबट खळगा मात्र झाला होता, माणूस आडवा मावेल एवढा. खळग्यात वळणदार बारीक रेघा होत्या, एकात एक. पट्टीसाहेबांना नकाशातल्या टेकडीच्या रेषा आठवल्या. त्यांनी मोजपट्टी काढली.

"म्हैस बसली असेल," बायको म्हणाली.

"म्हशीच्या अंगावर अशा रेघा नसतात."

"तुम्ही कधी पाहिलीत हो म्हैस जवळून? ती बरणीत कुठे मावते?"

पण हसता हसता तिचं तोंड उतरलं. तिन्ही चित्रांत ती कुठेच नव्हती. "घरच्यांनी काढलं नाही ते नाहीच," ती म्हणाली, "पण बाहेरच्यांनीसुद्धा? मी काय इथे राहत नाही?"

*

हिवाळा. दुपार. मोठा काळा भुंगा पूर्ण झाला. पट्टीसाहेबांनी अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला आणि उचलला.

वळणदार बारीक रेघा. एकात एक.

ते ठशाकडे बघत राहिले. मग ठशाशेजारच्या भुंग्याकडे. मग बरणीकडे.

आधी लांबून कच्ची चित्रं. नमुना पुरता ओळखीचा झाला, की...

"अगं," त्यांनी हाक मारली.

घरात कुणी नव्हतं. घडीचं स्टूल जागेवर नव्हतं. तिची ठेवणीतली शालही खुंटीवर नव्हती.

ते मोज्यांवरच धावले.

ती ओढ्याकाठी स्टुलावर बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर. शालीचा काठही हलत नव्हता.

"अगं!"

ते आणखी जवळ गेले.

"अगं ए!"

"बोलायला लावू नका," ओठ न हलवता ती म्हणाली. "नाक चालू आहे."

समोरच्या मातीत तिचं चित्र होतं. शाल, हात, कानातलं. नाक अर्धं झालं होतं. आसपास कुणी नव्हतं. एकही पाखरू ओरडत नव्हतं.

"ऊठ."

"एवढं नाक होऊ दे."

त्यांनी तिचा दंड धरून ओढलं. तिचा पाय चित्रावरून घसरला आणि सगळं फरफटलं.

"घातलात घोळ! जन्मात एकदा कुणी मला..."

"मी काढतो."

"काय?"

"तुझं चित्र. आत्ता. घरात चल."

"मी हलते."

"हल," पट्टीसाहेब म्हणाले.

*

दार लावलं, खिडक्या लावल्या, कड्या घातल्या. मग त्यांनी नवा कागद घेतला. ती चहा टाकायला उठली, भांडली, हसली, मान वेळावून कागदात डोकावली. त्यांनी सगळं काढलं. दोन नाकं झाली, हात तर किती झाले कुणास ठाऊक.

"ही कोण? खेकडा?" ती म्हणाली. पण तिने कागद काढून घेतला, उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहिला आणि शालीत गुंडाळून ठेवला. "चांगलं जमलंय हो," असंही म्हणाली. ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

छपरावर काहीतरी अलगद टेकलं.

उजेड कमी झाला. ढग असावा.

पट्टीसाहेबांनी कडी काढून दार ओढून पाहिलं. उघडेना. दमट हवेने फुगलं असावं.

"अहो," बायको आळसावल्यासारखी म्हणाली, "स्पिरिट सांडलंत का?"

बाटली टेबलावर होती. बूच घट्ट होतं.

"अगं, ऊठ. हलत राहा जरा."

"हो," ती म्हणाली. आणि बसून राहिली.

घर ताब्यात घेतलं त्या दिवशी सगळ्या खोल्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत स्वच्छ पांढरा कापूस अंथरलेला होता, आणि बायकोने तो गोळा करून त्याच्या उशा शिवल्या होत्या.