माजी राज्यपालांचं सातवं प्रकरण

"माझ्या आठवणींचं सातवं प्रकरण चोरीला गेलंय," माजी राज्यपाल म्हणाले. "बाकीची पानं जागच्या जागी आहेत."

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यातलं ते त्यांचं ऑफिस. टेबल बारा जणांचं, पण झिजलेली खुर्ची एकच. पाच वर्षं राजभवनात सलाम झेलले, मग अकरा वर्षं हा धंदा. बायको गेल्यापासून ते जेवायचेही इथेच, एकटे. भाऊजींना उगाच गलबलून आलं.

वहिनींचं लक्ष मात्र कपाटावर होतं. वहिनी खासगी गुप्तहेर. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. रिटायर झाल्यापासून सोबत हिंडायचे आणि हमखास भलत्याच माणसावर संशय घ्यायचे.

"कुलूप शाबूत आहे. किल्ली कुठे असते?"

"या ड्रॉवरमध्ये. मुलीला आणि चिटणिसाला ठाऊक आहे."

"प्रकरणात काय होतं?"

ते घुटमळले. "फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्ज मी फेटाळला. तेवढं तेव्हा पेपरात आलं होतं. पण त्या सकाळी मी खोलीत एकटा होतो. तिथं काय झालं ते कुणालाच सांगितलं नाही. फक्त लिहिलं."

मुलगी महिन्याने आज आली होती, तीही घाईत. "गाडलेली मढी उकरायची कशाला? पण मी नेलं असतं तर अख्खं बाड नेलं असतं."

"हीच!" भाऊजी कुजबुजले.

चिटणीस सहा वर्षांपूर्वी नोकरीला लागलेला, मितभाषी. "मी पत्रव्यवहार बघतो. साहेबांचं लिखाण वाचलेलं नाही."

"पुस्तक निघावं असं वाटतं?"

"अर्जाच्या फायलीची दोरीसुद्धा न सोडता 'नामंजूर' लिहायचं आणि मग आठवणी छापायच्या! मोठ्या लोकांचं बरं असतं."

वहिनींनी तिघांनाही टेबलाशी बसवलं. "साहेब, त्या सकाळी अर्जाच्या फायलीची दोरी सोडली होतीत?"

राज्यपालांचा चेहरा उतरला. "नाही. पण हे फक्त त्या पानांत आहे."

"आणि चिटणिसांच्या तोंडी. न वाचता त्यांना कळलं कसं? बदनामीला भिणाऱ्याने सगळंच बाड जाळलं असतं. एकच प्रकरण नेणाऱ्याला ते वाचायचं होतं."

भाऊजींनी मान खाली घातली. चिटणिसाने पिशवीतून पानं काढून टेबलावर ठेवली.

"तो कैदी माझा थोरला भाऊ. आईला वाचता येत नाही, म्हणून पानं घरी नेली. वाचून दाखवली."

"काय म्हणाल्या?" राज्यपालांनी विचारलं.

"शिव्याशाप काही नाही. एवढंच विचारलं, 'यात माझ्या लेकाचं नाव कुठे आहे?' तुम्ही सगळीकडे 'एक कैदी' लिहिलंय, साहेब."

मुलीने बापाकडे पाहिलं. त्यांनी पानं पुढे ओढून पेनचं टोपण काढलं.

"सांगा," ते म्हणाले. "काय नाव होतं त्याचं?"