मागची काच

बेडकाला काय काय लागतं ते विचारायला ठकीची आई मासेवाल्याच्या दुकानात गेली, तेव्हा तिला वाटलं होतं, एक बरणी आणि थोडं पाणी दिलं की झालं काम. मासेवाला म्हणजे खायचे मासे विकणारा नव्हे, काचेच्या पेटीतले रंगीत मासे विकणारा. तो हसला.

"बरणीत लोणचं राहतं, ताई. बेडूक नाही."

मग त्याने सगळं नीट समजावलं. पेटी आडवी हवी. वर बारीक जाळीचं झाकण, नाहीतर जीव गुदमरेल. खाली बिनखताची माती, तिच्यावर शेवाळ, आणि ते कधी वाळू द्यायचं नाही. नळाचं पाणी लगेच घालायचं नाही, दिवसभर उघडं ठेवून त्यातला औषधाचा वास उडू द्यायचा. लपायला एखादं फुटकं मडकं.

"आणि मागच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा," तो म्हणाला. "बेडकाला काच कळत नाही हो. उड्या मारमारून तोंड फोडून घेतो."

ठकी चार वर्षांची. नव्या घरात आल्यापासून पोरगी कुणाशी बोलेना, घास तोंडात धरून बसे. न्हाणीघरात बादलीमागे तो गलेलठ्ठ बेडूक सापडला आणि ती पहिल्यांदा खुदकन हसली. त्याचं नाव तिनेच ठेवलं, ढब्बू. ढब्बू समोर असला की ती पोटभर जेवायची. आईच्या दृष्टीने बेडूक सोन्याचा होता.

ठकीचे बाबा काचेच्या दुकानात कारागीर. सुटीच्या दिवशी त्यांनी पेटी जोडली. जोडाच्या चिकाचा आंबूस वास घरभर झाला. चारही बाजू दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांच्या होत्या. त्यातली मागची काच मात्र वेगळी, जाड, जराशी हिरवट.

"ही कुठली हो?"

"जुन्या कपाटाचा आरसा होता. मागचा पारा खरवडून काढला. भंगारात चालला होता चांगला माल."

सासूबाई दारातून बघत होत्या. "बेडकाला काचेचा बंगला! आणि माझ्या खिडकीला केव्हाचा पुठ्ठा लावलाय. उद्यापासून मीही डराव डराव करते, म्हणजे माझ्याकडे कुणी बघेल."

"आई, लावतो गं उद्या."

"हा उद्या मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. आधी तुझ्या बापाचा ऐकला."

हसतखेळत ढब्बूचा गृहप्रवेश झाला. पण तो मडक्यात शिरला नाही, पाण्यात बसला नाही. पुढच्या काचेला पोट चिकटवून, मागच्या काचेपासून होईल तितका लांब, कोपऱ्यात बसून राहिला. त्याचा गळा धडधडत होता. नवी जागा आहे, रुळेल, असं आईने मनाशी म्हटलं आणि फडक्याने काचा पुसायला घेतल्या. मागच्या काचेवर एक डाग होता. बाहेरून पुसला, गेला नाही. आत हात घालून पुसला, तरी नाही. डाग काचेच्या पोटातच होता. पसरलेला पंजा. मोठा, पुरुषी. तिने आपला हात त्यावर ठेवून पाहिला आणि का कोण जाणे, पटकन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने पेटी उघडली तर शेवाळावर नाकतोडे पडले होते, ढब्बूसाठी सोडलेले. जिवंत होते. पाय नव्हते. सगळे पाय उपटून एका बाजूला ढीग करून ठेवलेले. बेडूक गिळतो. सोलत नाही.

"पोरीनेच केलं असणार," सासूबाई म्हणाल्या. "बापाच्या वळणावर गेलीय. तो चतुर पकडून त्यांच्या शेपटीला दोरा बांधायचा."

आईने ठकीला मांडीवर घेतलं. "राणी, नाकतोड्यांना कुणी दुखवलं?"

"काकांनी."

"कुठल्या काकांनी?"

"ते नाही का... काचेतले. मी ढब्बूला बघते ना, तेव्हा माझ्या मागे उभे राहतात."

आईने मागे वळून पाहिलं. भिंत, खुंटी, खुंटीवर वाळलेला टॉवेल. त्याच सकाळी तिने मागच्या काचेला काळा कागद लावला, कडांना घट्ट चिकटपट्टी मारली. स्वयंपाक उरकून आली तर कागद जमिनीवर होता. फाटलेला नाही, मुठीत चुरगळून बोळा केलेला.

"ठके... तू काढलास?"

"नाही गं. त्यांना दिसत नव्हतं."

पेटी बाहेर काढायची, आजच काढायची, हे आईने तेव्हाच ठरवलं. पण माती-पाण्याने ती इतकी जड झाली होती की एकटीला हलेना. संध्याकाळी हे आले की नेतील, असं म्हणून ती कपडे वाळत घालायला मागच्या दारी गेली. सासूबाई आडव्या झाल्या होत्या. ठकीला तिने आजीजवळ बसवलं आणि बजावलं, जागची उठू नकोस.

पिळून ठेवलेला पहिला कपडा झटकला आणि आतून आवाज आला. थप्. मग पुन्हा, थप्. दगडावर ओलं कापड आपटावं तसा.

ती धावली. ठकी पेटीसमोर उभी होती, नाक काचेला लावून, आणि आत ढब्बू मागच्या काचेवर आदळत होता. उडी मारत नव्हता तो. मागचे दोन्ही पाय वर ताणलेले, अंग खाली लोंबतंय, असा तो हवेत उचलला जात होता आणि आपटला जात होता. जबडा फाटला होता. काचेवरून लाल ओघळ शेवाळात उतरत होता. उचलला, आपटला. उचलला, आपटला. शेवटी ते पायच तुटून वर राहिले आणि उरलेलं खाली पडलं.

"ठके, इकडे ये... ये माझ्याकडे..."

तेव्हा आईला तो दिसला. मागच्या काचेत ठकीचं प्रतिबिंब होतं आणि ठकीच्या मागे एक माणूस. रुंद खांदे, बाह्या दुमडलेल्या. गळ्याच्या वर चेहऱ्याच्या जागी नुसते ओरखडे, पात्याने खरवडल्यासारखे. त्याने हातातले पाय टाकले. आणि ठकीची वेणी धरली.

इकडे खोलीत कुणीही नव्हतं. वेणी मात्र आपोआप वर उठली, ताठ झाली. पोरीची मान मागे खेचली गेली आणि मग कपाळ पुढच्या काचेवर आदळलं. एकदा. पुन्हा. ठकीला रडायलाही सवड मिळाली नाही. आईने तिला कमरेला मिठी मारून ओढलं, तर दुसऱ्या बाजूने मानेला धरून तितक्याच जोराने कुणी ओढत होतं. घामाचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास तिच्या अगदी नाकाशी आला. तिसऱ्यांदा कपाळ आदळलं तेव्हा रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली.

खिडकीच्या कट्ट्यावर नवऱ्याची हातोडी होती. तिने एका हाताने पोर धरली, दुसऱ्या हाताने हातोडी उचलली आणि मागच्या काचेवर घातली. काच फुटेना. ती घालत राहिली. काय किंचाळत होती, तिचं तिला कळत नव्हतं. शेवटी काच कडाडून फुटली, तुकडे अंगावर उडाले, आणि ओढणारा जोर एकदम सुटून दोघी मागे कोसळल्या.

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी पोरीचं फुटलेलं कपाळ पाहिलं, सुनेच्या हातातली हातोडी पाहिली.

"अगं... काय केलंस हे पोरीला?"

दवाखान्यातही तोच प्रश्न, फक्त शब्द न वापरता. नर्स टाके घालण्यासाठी केस कापत होती. रक्ताने चिकटलेली वेणीही ट्रेमध्ये पडली. मानेवर निळे वळ उमटले होते, चार बोटं आणि अंगठा. नर्सने ते पाहिले, मग आईचे हात उलटसुलट करून पाहिले. हात लहान होते. तरी नर्स तिथून हलली नाही.

नवरा दुकानातून धावत आला. बाहेरच्या बाकावर तिने त्याला सगळं सांगितलं. 

"फोडलीस ना ती?" त्याने हळूच विचारलं. "मग संपलं. आमच्याकडे जुना आरसा आला की म्हातारे कारागीर तो फोडूनच भंगारात देतात. मी हसायचो त्यांना. म्हटलं, एवढी जाड काच..."

"फोडली."

"पालथी घालून फोडलीस ना?"

"म्हणजे?"

"आधी पालथी घालायची. तोंड जमिनीकडे करून. म्हणजे जे असेल ते जमिनीत जातं. समोर तोंड करून फोडली, तर..."

"तर काय?... अहो, तर काय?"

तो औषधं आणतो म्हणून उठला.

ठकीला घेऊन आई दवाखान्याच्या फाटकाबाहेर आली. स्वच्छ ऊन होतं, माणसं येत-जात होती. वेणी गेली, आता धरायला काही नाही, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पोरीचा उजवा हात घट्ट पकडला. दोघी चालू लागल्या. थोडं पुढे गेल्यावर तिला ठकी जड वाटू लागली, एका अंगाला ओढल्यासारखी.

"दमलीस, राणी?"

"नाही."

"मग नीट चाल ना."

"ते भरभर चालतात, आई."

आईने वळून पाहिलं. ठकीचा डावा हात वर होता, मोठ्या माणसाच्या हाताला लागेल इतका वर. आणि त्या हाताची चिमुकली बोटं एकमेकांवर दाबली जात होती, पांढरी पडेपर्यंत.